बारा माणसांत ‘हॅम्लेट’ कसं बसवायचं?

‘हॅम्लेट’च्या दुसऱ्या अंकात एक नाटक कंपनी दौऱ्यावर येते. डेन्मार्कचा राजपुत्र एल्सिनोरच्या किल्ल्यात घुसमटतो आहे. बाप गेला, त्याला पुरते दोन महिने व्हायच्या आत आईने काकाशी लग्न लावलं, आणि बापाचं भूत येऊन सांगून गेलं की मला माझ्या भावानेच विष घालून मारलं. अशात निरोप येतो की शहरातले नट आले आहेत. हॅम्लेटचा चेहरा खुलतो. पण त्याचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. ही मंडळी फिरतीवर का निघाली? शहरात राहण्यात नाव आणि पैसा दोन्ही जास्त होतं ना?

मी काही वर्षं दौऱ्याच्या नाटकांचा कपडेपट सांभाळला आहे. रात्री दोनच्या सुमाराला, घाटात बस बंद पडली की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. म्हणून हा प्रवेश वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याने स्वतः बोचकी उचललेली आहेत.

आता अडचण अशी की ‘हॅम्लेट’ हे नाटक फिरतीसाठी बघायला गेलं तर फारच मोठं. छापील संहिता पूर्ण केली तर चार तास. पात्रं तीसच्या आसपास. राजवाडा, तटबंदी, समुद्रकिनारा, स्मशान, शेवटी तलवारबाजी आणि चार प्रेतं. असलं नाटक गावोगाव कसं नेतात आणि नेताना त्याचं काय होतं, ते मला इथे सांगायचं आहे. यासाठी अलीकडचा एक दौरा डोळ्यासमोर ठेवते.

लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोब या नाट्यगृहाने २३ एप्रिल २०१४ रोजी, शेक्सपिअरच्या साडेचारशेव्या जन्मवर्षाचा दिवस धरून, ‘हॅम्लेट’ बाहेर काढलं. दौरा संपला एप्रिल २०१६ मध्ये, त्याच्या मृत्यूला चारशे वर्षं पूर्ण होत होती तेव्हा. डॉमिनिक ड्रॉमगूल आणि बिल बकहर्स्ट हे दोघे दिग्दर्शक. १२ नट, ४ रंगमंच व्यवस्थापक. दोन वर्षांत १९७ देश आणि तीन लाख किलोमीटरांहून जास्त प्रवास. जगातल्या प्रत्येक देशात एक तरी प्रयोग करायचा असा संकल्प होता. उत्तर कोरियात प्रयोग झाला नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा मार्ग बदलावा लागला. सीरियात युद्ध चालू होतं, म्हणून जॉर्डनमधल्या झातारीला, सीरियन निर्वासितांच्या छावणीत, प्रयोग केला.

पहिलं काम कात्रीचं. ‘हॅम्लेट’ची एकच एक मूळ संहिता नाही, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. १६०३ साली छापलेली एक बारीक प्रत आहे, सुमारे २,२०० ओळींची. तिच्यानंतर वर्षा-दीड वर्षात आलेली दुसरी प्रत ३,८०० च्या आसपास ओळींची. आणि शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ साली निघालेल्या मोठ्या संग्रहातली तिसरी. तिघींत फरक आहेत. पहिल्या बारीक प्रतीबद्दल अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. कोणी म्हणतं एखाद्या नटाने आठवून आठवून उतरवलेली, कोणी म्हणतं पहिला खर्डा, कोणी म्हणतं दौऱ्यासाठी केलेली रंगावृत्ती. पण तिच्या मुखपृष्ठावर स्पष्ट छापलंय की हे नाटक लंडन शहरात झालं, केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत झालं, आणि इतरत्रही. म्हणजे ते छापखान्यात पोचलं तेव्हा फिरून आलेलं होतं.

कात्री लावताना बहुतेक जण आधी फोर्टिनब्रासला उडवतात. हा नॉर्वेचा राजपुत्र, सैन्य घेऊन जाताना एकदा दिसतो आणि शेवटी सगळे मेल्यावर गादीवर येतो. त्याला काढला की पंधरा-वीस मिनिटं वाचतात, एक पोशाखही वाचतो. पण मग एका घरातल्या भांडणाची गोष्ट उरते. घर आपसात कापत बसलं आणि दारातून परका राजा आत आला, हे जातं. १६०३ ची ती बारीक प्रत इतकी कापलेली असूनही तिच्यात फोर्टिनब्रास आहे, थोड्याच ओळींपुरता का होईना. माझं मत त्या प्रतीच्या बाजूने आहे.

दुसरं काम गणिताचं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. बारा नटांत तीस पात्रं. दौऱ्याचं नाटक बसवताना एक तक्ता करतात. आडव्या रांगेत प्रवेश, उभ्या रांगेत नट. कोण कधी आत, कोण कधी बाहेर. ‘हॅम्लेट’चा तक्ता मांडायला घेतला की हळूहळू कळतं की लिहिणाऱ्याने तो आधीच मांडलेला होता.

लेअर्टिस बघा. हॅम्लेटचं जिच्यावर प्रेम आहे त्या ओफिलियाचा हा भाऊ. पहिल्या अंकात बहिणीचा निरोप घेऊन फ्रान्सला जातो तो चौथ्या अंकाच्या मध्यात परततो. मधल्या काळात नट रिकामा. त्याच काळात हॅम्लेटचे दोन जुने मित्र येतात, रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न. ते दुसऱ्या अंकात प्रवेश करतात आणि लेअर्टिस परतायच्या आधी कायमचे निघून जातात. एका नटाने लेअर्टिस आणि गिल्डनस्टर्न दोन्ही करावेत, कुठेही ओढाताण नाही.

पोलोनियस हा बडबड्या म्हातारा मंत्री तिसऱ्या अंकात पडद्याआड लपलेला असताना हॅम्लेटच्या हातून मरतो. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला थडगं खणणारा येतो, कवट्या फेकत, गाणी म्हणत, कोट्या करत. दोन्ही भूमिका विनोदाची जाण असलेल्या नटाच्या. एकानेच केल्या की मेलेला माणूस परत येऊन त्याच्याच मुलीची, ओफिलियाची, कबर खणतो. प्रेक्षकाला चेहरा ओळखू येतो. त्याला कोणी काही सांगत नाही, पण अंगावर काटा येतो.

आणि भूत. मेलेला राजा आणि त्याला मारणारा भाऊ क्लॉडियस या दोन्ही भूमिका एकाच नटाला द्यायची पद्धत रंगभूमीवर रुळलेली आहे. आता कपडेपटाच्या बाजूने विचार करा. पहिल्या प्रवेशात भूत डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात आहे, आणि दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीलाच क्लॉडियस भर दरबारात हजर. चिलखत उतरवून राजवस्त्रं चढवायची कधी? कोंबडा आरवतो आणि भूत जातं, पण प्रवेश लगेच संपत नाही. हॅम्लेटचा मित्र होरेशिओ आणि पहारेकरी पहाटेबद्दल बोलतात, तांबूस पांघरूण घेऊन दवावरून चालत येणारी सकाळ बघतात. तीसेक ओळी जातात. वाचणाऱ्याला त्या ओळी सुंदर वाटतात. विंगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या दीड-दोन मिनिटं देतात.

पुढे तिसऱ्या अंकात भूत परत येतं, आईच्या दालनात. थोड्याच वेळापूर्वी क्लॉडियस प्रार्थना करून बाहेर गेलेला आहे. इथे १६०३ च्या प्रतीत रंगसूचना आहे की भूत रात्रीच्या झग्यात येतं. टीकाकार सांगतात की शयनगृहात घरच्या कपड्यांतला बाप दिसावा, म्हणून. ते खरं असेलही. मला मात्र तो झगा बघून हायसं वाटलं, कारण चिलखताचे पट्टे बांधण्यापेक्षा अंगावरून एक झगा ओढणं किती सोपं असतं हे मी हाताने केलेलं आहे. अंधारात, दातांत टॉर्च धरून. एका नाटकात आमच्या नायकाला चाळीस सेकंदांत म्हातारा करायचं होतं. एका गावी ऐन वेळी सदऱ्याचा हुक तुटला, आणि मी तो पाठीमागून मुठीत आवळून धरला, तो आत जाईपर्यंत सेफ्टी पिन लावत राहिले. पिन माझ्या अंगठ्यात गेली ते प्रयोग संपल्यावर कळलं. त्या रात्रीपासून मी नाटक वाचताना आधी कोण कधी बाहेर जातो ते बघते.

पण भूत आणि क्लॉडियस एकाने करण्यात नुसती काटकसर नाही. याच दालनात हॅम्लेट आईला दोघा भावांची चित्रं दाखवतो. हा बघ, जणू देव, आणि हा बघ तुझा आताचा नवरा. डोळे होते की नव्हते तुला? प्रेक्षक मात्र मघापासून दोघांचा एकच चेहरा बघत आहेत. मग शंका येते की मुलाला दिसणारा जमीन-अस्मानाचा फरक आईला दिसलाच नसेल का? आईवरचा, म्हणजे गर्ट्रूडवरचा, राग तिथे थोडा सैल होतो. मोठ्या संचात, दोन वेगळे नट घेऊन, हे घडत नाही.

ग्लोबच्या दौऱ्यात याच्याही पुढची पायरी होती. हॅम्लेटच दोन होते, लाडी एमेरुवा आणि नईम हयात, आणि ते आलटून पालटून उभे राहत. बाकीच्यांनाही एकाहून जास्त भूमिका पाठ. आपल्याकडे नट आजारी पडला की ‘रिप्लेसमेंट’ शोधायची धावाधाव होते. दोन वर्षांच्या दौऱ्यात कोणी ना कोणी तापाने पडणारच, म्हणून अदलाबदल हीच रोजची रीत करून टाकली. याचा एक फायदा नटच जाणतात. समोरचा माणूस बदलला की ऐकावं लागतं. शंभराव्या प्रयोगाला पाठ झालेलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडतं, पण काल ज्याने होरेशिओ केला तो आज नसेल तर आपोआप काही होत नाही.

नेपथ्याचं थोडक्यात सांगते. दौऱ्यावर सेट मंचाच्या मापाने करत नाहीत, गाडीच्या मापाने करतात. ‘हॅम्लेट’ला याचा त्रास कमी, कारण शेक्सपिअरच्या रंगमंचावर देखावे नव्हतेच. रात्र आहे, थंडी आहे, तटावर आहोत, हे पहिल्या दहा ओळींत पहारेकऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. आणि प्रकाशयोजना? ग्लोबमध्ये मूळच्या पद्धतीने प्रेक्षक आणि नट एकाच उजेडात असतात, दुपारचा प्रयोग आणि वर उघडं आभाळ. ही सवय दौऱ्यावर कामी येते, कारण दिव्यांचा पसारा न्यावा लागत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की नटाला समोरचे चेहरे दिसतात. अंधाऱ्या नाट्यगृहात स्वगत म्हणजे माणूस एकटाच काळोखात बोलतो आहे असं वाटतं. चेहरे दिसत असतील तर हॅम्लेट ‘मी भेकड आहे का?’ असं विचारतो तेव्हा तो कोणाला तरी विचारतो. तंबूतल्या, पटांगणातल्या, पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला विचारतो.

भाषेचं काय? दौऱ्यातले प्रयोग इंग्रजीतच झाले आणि बघणाऱ्यांत इंग्रजी न येणारे पुष्कळ होते. माझ्या मते इथे नाटक तरतं ते हातातल्या वस्तूंवर. भुताचं चिलखत. ओफिलिया परत करते त्या भेटवस्तू. ‘मला वाजवता, तशी ही वाजवून दाखवा’ म्हणून मित्रापुढे धरलेली बासरी. पडद्यातून आरपार गेलेली तलवार. वेड्या मुलीच्या ओंजळीतली फुलं आणि पाला. कवटी. विषाचा प्याला. अदलाबदल झालेली दोन पाती. प्रत्येक वळणाला बघता येईल असं काहीतरी आहे, आणि हा सगळा ऐवज एका पेटीत मावतो. कीव्हमध्ये २०१४ च्या मे महिन्यात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, हा प्रयोग झाला. देशाच्या काही भागात तेव्हा लढाई चालू होती. तिथे राजा कोण आणि तो गादीवर कसा आला, या गोष्टीला शब्दकोश लागला नसणार.

हे सगळं २०१४ साली नव्याने सुचलेलं नाही. शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्ये प्लेग आला की नाटकगृहं बंद होत आणि कंपन्या गावोगाव निघत. गावात पोचलं की आधी नगराध्यक्षापुढे प्रयोग करायचा, तिथे परवानगी आणि बक्षिसी मिळाली की मग लोकांसाठी. १५९३ च्या अशाच एका दौऱ्यात एडवर्ड अ‍ॅलन हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला शोकांतिकांचा नट ब्रिस्टलहून बायकोला पत्र लिहितो. ते पत्र आजही लंडनमधल्या डलिचला, त्याने स्वतः काढलेल्या संस्थेत, जपलेलं आहे. बायकोला तो लाडाने ‘उंदीर’ म्हणतो. पांढरी बंडी परत पाठवतो आहे, म्हणतो, कारण तिचं ओझं होतं. नारिंगी लोकरी मोजे काळे रंगवून ठेव, हिवाळ्यात घालायला होतील. सप्टेंबरात अजमोद्याचा वाफा मोडून तिथे पालक पेर. आणि प्लेगपासून जपायला रोज संध्याकाळी दारापुढे पाणी टाक, खिडक्यांत रू नावाचा पाला भरपूर ठेव.

रू म्हणजे आपल्याकडची सताप, उग्र वासाची. ‘हॅम्लेट’मध्ये वेडी झालेली ओफिलिया हीच सगळ्यांना वाटून देते. ‘हा रू तुला, आणि थोडा मला.’ आज प्रेक्षकाला ती नुसती फुलं वाटतात. त्या काळच्या प्रेक्षकांच्या खिडकीत तो पाला प्लेगच्या दिवसांत बांधलेला असे. हे कळल्यापासून मला तो प्रवेश कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

एल्सिनोरचा धागाही दौऱ्याचाच. १५८६ साली डेन्मार्कच्या राजाच्या पदरी एल्सिनोरला इंग्लिश नट होते. त्यांतले विल केम्प, जॉर्ज ब्रायन आणि थॉमस पोप पुढे शेक्सपिअरच्याच कंपनीत होते. त्या किल्ल्याचं वर्णन शेक्सपिअरने त्यांच्याच तोंडून ऐकलं असेल, असं मानायला मला आवडतं. १६२६ साली ड्रेस्डेनला इंग्लिश नटांनी ‘हॅम्लेट’ केल्याची नोंद आहे. आणि १६०७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या रेड ड्रॅगन जहाजावर, सिएरा लिओनच्या किनाऱ्याशी, खलाशांनी ते केलं अशी कप्तान कीलिंगच्या नावावर नोंद सांगतात. तिच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. त्याच सफरीतलं हेक्टर हे दुसरं जहाज मात्र १६०८ मध्ये सुरतेला लागलं, यात वाद नाही.

आपल्याकडे हे नाटक आलं तेही फिरत्या कंपनीच्या पेट्यांतून. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं, ‘विकारविलसित’, १८८३. ते लोकांपर्यंत नेलं शाहूनगरवासी नाटक मंडळीने. शाहूनगर म्हणजे सातारा. गणपतराव जोशी नायक आणि बळवंतराव जोग स्त्रीभूमिकांत. देवलांचा ‘झुंझारराव’, म्हणजे ‘ऑथेल्लो’, तोही गणपतरावांनीच गाजवला. तेव्हाची कंपनी म्हणजे चालतं बिऱ्हाड. एका गावी मुक्काम पडला की वाडा भाड्याने घ्यायचा, चूल मांडायची, तालीम, प्रयोग, मग पेट्या बांधून पुढचं गाव. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसांनी या कंपन्यांकडून शेक्सपिअर पाहिला. ग्लोबच्या १९७ देशांचं कौतुक करताना आपण हे विसरू नये.

त्या १९७ आकड्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. देश मोजणं हा दौऱ्याचा सगळ्यात अशक्त भाग वाटतो मला. एक प्रयोग करायचा आणि दुसऱ्या दिवशी विमान गाठायचं, त्यात गावाशी ओळख काय होणार? उत्तर कोरियाला जाऊ नये असं मानवाधिकारवाल्यांनी सुनावलं होतं, तोही मुद्दा हलका नाही. पण २०१६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या कॅलेच्या निर्वासितांच्या तळावर त्यांनी प्रयोग केला. तिथे राहणाऱ्यांना मोजायला देशच उरला नव्हता. तो प्रयोग मला बाकीच्या सगळ्या यादीहून मोठा वाटतो.

शेवट तलवारबाजीचा. दौऱ्यावर हा सगळ्यात धोक्याचा भाग, कारण जमीन रोज वेगळी. कुठे लाकूड, कुठे फरशी, कुठे माती. म्हणून प्रयोगाआधी दोघं नट ती लढत नव्या जमिनीवर संथपणे करून घेतात, मग थोडी जलद, मग खरी. पाय कुठे घसरतो ते तेव्हाच कळतं. रात्री पुन्हा लेअर्टिस मरतो, राणी मरते, राजा मरतो, हॅम्लेट मरतो. चार जण जमिनीवर पडलेले, तोफा वाजतात.

आणि मग ते उठतात आणि नाचतात. ही जुनी रीत आहे. १५९९ मध्ये लंडनला आलेल्या थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने ‘जुलियस सीझर’ पाहून लिहून ठेवलंय की नाटक संपल्यावर नटांनी फार सुरेख नाच केला, काहींनी बाप्यांच्या आणि काहींनी बायकांच्या वेशात. ग्लोबने दौऱ्यावरही तो नाच ठेवला. ढोल, हातातली वाद्यं, बाराच्या बारा जण रांगेत. समोर टाळ्या धरलेल्या असतात, ताल सगळ्यांना येतो. तो संपला की घामाने भिजलेले कपडे उतरवायचे, उलटे करून वाळत टाकायचे, पाती मोजून पेटीत ठेवायची, कवटी कापडात गुंडाळायची. सकाळी गाडी आहे.